मडकी रिकामी राहिली तेव्हा

उजव्या हाताची मूठ वळायला आता सकाळचे दहा वाजतात. जाग पूर्वीसारखीच साडेपाचला येते, पण बोटं लाकडासारखी ताठ असतात. गरम पाण्याच्या घमेल्यात दोन्ही हात बुडवून मी ओट्यावरच्या खुर्चीत बसते आणि समोरच्या तीन गुंठ्यांकडे बघते. आमच्या पठारावर बागेचं काम करायची वेळ म्हणजे उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ. त्यानंतर ऊन चढतं, घातलेलं पाणी मुळापर्यंत पोचायच्या आत उडायला लागतं. नेमके तेच दोन तास माझ्या दुखण्याने घेतले.

बाग एका दिवसात गेली नाही. गेली सहा-सात वर्षं ती माझ्यासमोर बदलत गेली, आणि मी ते बसून पाहिलं. कमी पाण्यावर बाग कशी करावी हे मी पूर्वी शाळेत मुलांना सांगत असे, आयाबायांना सांगत असे. आता सांगायचं आहे ते थोडं वेगळं आहे. बाग करत असताना मला ते कळलं नव्हतं, ती हातातून सुटल्यावर कळलं.

पारनेर तालुक्यातलं हे पठार सह्याद्रीच्या पाऊसछायेत येतं. आमच्याच जिल्ह्यात पश्चिमेला अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला पाऊस धो धो कोसळतो, आणि आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तोही धड वाटून येत नाही. मृगात दोन सरी, मग महिना महिना खंड, आणि सगळी आशा परतीच्या पावसावर. हस्ताचा पाऊस झाला तर ज्वारी पिकली, विहिरींना पाणी आलं. नाही झाला तर संक्रांतीनंतर टँकरची वाट बघायची. वर वारा. सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या केल्यात त्या उगीच नाही. हा वारा पानातलं पाणी ओढून नेतो. जमीन म्हणावी तर वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. शाळा सुटली आणि आईबरोबर दुष्काळी कामावर गेले. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. डोक्यावर पाटी, पायाखाली तापलेला मुरूम, दुपारी मिळणारी सुकडी, आणि घरी मिलोच्या तांबड्या भाकरी. त्या तलावाच्या भरावावर माझ्या पाटीतली माती आहे. पुढे डी.एड. झाले, १९७९ ला जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, आणि १९९२ ला आम्ही गावाच्या कडेला माळावर घर बांधलं. तोवर तो तलाव गाळाने अर्धा भरला होता. उन्हाळ्यात तो आटला की लोक बैलगाड्यांनी गाळ नेत. आम्हीही अकरा गाड्या आणल्या. वीस वर्षांपूर्वी मी जिथे माती टाकली, तिथूनच ती माझ्या दारात परत आली. माझी बाग त्या मातीवर उभी राहिली.

हे एसटीत चालक होते. सुट्टीच्या दिवशी पहारीने खड्डे खणत. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. असा एक खड्डा मुरमात खणायला दोन दिवस जात. खड्डे एप्रिलमध्ये खणून महिनाभर उन्हात तापू दिले. मग तळाला तुऱ्हाट्या आणि पालापाचोळा, वर गाळ, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. पाऊस पडल्यावर रोप.

पहिल्या वर्षीची निम्मी रोपं उन्हाळ्यात गेली. मग एका म्हाताऱ्या कुंभारबाबांनी मला मडक्याची गोष्ट सांगितली.

आठ-दहा लिटरचं साधं, न रंगवलेलं, न चकाकवलेलं मडकं घ्यायचं. रोपापासून फूट-दीड फुटावर मानेपर्यंत जमिनीत पुरायचं, पाणी भरायचं आणि तोंडावर चपटा दगड ठेवायचा. भाजलेल्या मातीला डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात. बाहेरची माती कोरडी असेल तर ती मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढून घेते, ओली असेल तर ओढत नाही. म्हणजे किती पाणी द्यायचं हे मातीच ठरवते. वरचा थर कोरडा राहतो, त्यामुळे पाणी उन्हाने उडत नाही आणि तणही कमी उगवतं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या पुस्तकात ही रीत लिहून ठेवलेली आहे. आपल्याकडे पिण्याचा माठ गळायला लागला की बायका तो झाडाखाली पुरत, त्यामागेही हाच हिशोब. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, त्यामुळे चार-पाच वर्षांत छिद्रं बुजतात आणि मडकं बदलावं लागतं. आणि ते भरायला विसरायचं नाही. भर उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी दगड उचलून बघायचं. माझ्याकडे चौदा मडकी होती. चौदा दगड उचलायचे, चौदा वेळा वाकायचं.

पाण्याचा हिशोब ठेवायला मी शिकले ते हिवरे बाजारला. २००८ मध्ये सातवीच्या मुलांना घेऊन आम्ही तिथे गेलो होतो. राळेगणसिद्धी तर आमच्याच तालुक्यातलं, तिथे बऱ्याचदा जाणं व्हायचं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान हे शब्द मुलांना पाठ होते. पण हिवरे बाजारात मला वेगळंच काही भिडलं. पोपटराव पवारांच्या त्या गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी बघतात, आणि त्यावरून ग्रामसभेत ठरवतात की या वर्षी कोणती पिकं घ्यायची. ऊस आणि केळीला बंदी, शेतीसाठी बोअर पाडायला बंदी. घरात जसा पगार बघून महिन्याचा किराणा ठरवतो, तसं.

घरी आले आणि वही घातली. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की एक लिटर पाणी होतं, हे गणित मी मुलांना शिकवत होते, पण आमच्या पत्र्याला कधी लावून पाहिलं नव्हतं. पत्रे साठ चौरस मीटर. पाऊस पाचशे मिलिमीटर धरला तर तीस हजार लिटर. गळती, उडणं आणि पहिल्या पावसाचं धुवण सोडून दिलं तरी चोवीस हजार लिटर. एवढं पाणी आमच्या पत्र्यावरून दर वर्षी गटारात जात होतं! त्याच उन्हाळ्यात ओट्याला लागून दहा हजार लिटरचा हौद बांधला, आणि वरून सांडणारं पाणी चरातून बोरीच्या आणि सीताफळाच्या आळ्यात सोडलं. मोरीचं पाणी मोजलं तर दिवसाला साठ-पासष्ट लिटर भरलं. भांडी राखेने घासायची म्हणजे ते पाणी झाडांना चालतं. आडवा चर काढून ते कढीपत्ता, अडुळसा आणि पेरूकडे वळवलं.

झाडं निवडताना मी नर्सरीपेक्षा माळाकडे बघितलं. कोरड्यात जगायच्या प्रत्येकाच्या तऱ्हा निराळ्या असतात. बोर आपली मुळं खडकाच्या भेगांतून खोल घालते आणि वैशाखात सरळ पानं टाकून देते. पाहणाऱ्याला वाटतं मेली. ती मेलेली नसते, खर्च बंद करून बसलेली असते. सीताफळही पानं गाळून उन्हाळा काढतं, शिवाय शेळी त्याला तोंड लावत नाही, हा आमच्याकडे मोठाच गुण. शेवगा जाड मुळात साठा ठेवतो. कण्हेरीची पानं जाड, मेणचट, आणि श्वास घ्यायची छिद्रं पानाखाली खोल खळग्यांत लपवलेली, वर बारीक लव, म्हणजे वाऱ्याने पाणी ओढायला नको. कोरफड तर ती छिद्रं दिवसभर मिटून घेते आणि रात्री गारव्यात उघडते. तरवडाला कोणी काहीच देत नाही, तरी तो पिवळ्याजर्द फुलांनी भरतो. मुलांना मी एकेका झाडापाशी उभं करून विचारायचे, हे उन्हाळ्यात काय युक्ती करतं सांगा. पुस्तकातला बाष्पोत्सर्जनाचा धडा मी बहुधा बागेतच शिकवला.

सगळ्यात चांगली वर्षं २००५ ते २०१५ म्हणेन. कुंपणाला मेंदी आणि सागरगोटा, आत शेवग्याची तीन झाडं, सीताफळं सहा, उमराण बोर एक आणि गावठी बोर दोन, डाळिंबं चार, लिंबं दोन, आवळा, कवठ, फाटकाशी पांढरा चाफा, ओट्यासमोर मोगऱ्याचा ताटवा. घेवड्याचा वेल मांडवावर. कडुनिंबाखाली दुपारी बसलं तर बाहेरच्या माळापेक्षा वेगळ्याच गावात आल्यासारखं वाटे. शेवग्याच्या शेंगा आणि सीताफळं आळीत वाटून उरत. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर, आळ्याच्या ओलीत बुलबुल. २०१२-१३ ला टँकर सुरू झाले तेव्हा मी वहीत सहा झाडांपुढे खूण केली. मडकी भरायची ती फक्त त्यांची. बाकीच्यांवर पाचटाचं आणि सरमाडाचं हातभर आच्छादन घातलं आणि त्यांच्या त्यांच्या हवाली केलं. मोगरा सोडून सगळी वाचली. त्या वर्षी मला बागेचा फार अभिमान वाटला. ही बाग आता दुष्काळाला हटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे.

२०१८ च्या हिवाळ्यात बोटं दुखायला लागली. आधी वाटलं खुरप्याने दुखतात. मग मनगटं सुजली, मग पायांचे तळवे. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी संधिवात सांगितला, झिजेचा नव्हे, दुसरा, आमवात म्हणतात तो. यात शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सकाळी ताठरपणा सगळ्यात जास्त. आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी सुरू झाली, तिने सूज उतरली, पण तिच्यामुळे जंतूंशी लढायची ताकद कमी होते. मातीत हात घालताना हातमोजे घाला, काटा टोचून घेऊ नका, असं बजावलं. डाळिंबाची छाटणी त्याच दिवशी थांबली. नंतर खुरपं गेलं. मग वाकणं गेलं. २०२१ च्या मार्चमध्ये मी शेवटचा दगड उचलला, लिंबाशेजारचा. तो माझ्या हातातून निसटून मडक्याच्या काठावर पडला आणि काठाचा टवका उडाला. मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. उठता येत नव्हतं म्हणूनही, आणि उठावंसं वाटत नव्हतं म्हणूनही.

ह्यांनी बाग हातात घेतली. निवृत्त झालेले, तब्येत बरी, आणि माझं मन राखायची तळमळ. रोज संध्याकाळी पाइप धरून सगळ्या झाडांना सारखं पाणी. जरा जरा, रोज. मी ओट्यावरून सांगायचे, अहो, आठ-दहा दिवसांनी द्या पण भरपूर द्या. ते म्हणायचे, तहान काय आठ दिवसांनी लागते का? त्यांच्या मायेला मी काय उत्तर देणार. पण झाडाचं शास्त्र वेगळं आहे. रोज वरची दोन बोटं माती भिजली की मुळं वरच राहतात, खाली उतरायचं त्यांना कारणच उरत नाही. वरची माती सगळ्यात आधी तापते. पावसाळ्यातही पाइप चालू राहिल्याने कोरफडीचे गड्डे सडले. चाफ्याचं खोड बुडाशी मऊ पडलं आणि एका वादळात फाटकावर आडवं झालं. पुढे ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, उन्हाळ्यात आम्ही तीन महिने मुलाकडे चाकणला राहिलो, आणि पाइपही बंद पडला.

परत आलो तो जून होता. गाजरगवत कमरेएवढं. डाळिंबांना बुडापासून इतके फुटवे आलेले की झाड कुठलं आणि काटे कुठले कळत नव्हतं. पेरू वाळलेला. आणि दोन्ही लिंबं, ज्यांची मी सगळ्यात जास्त काळजी घेतली होती, पान न् पान वाळून उभी.

लिंबं काढायला दोन मजूर लावले. बुंध्याभोवती खणताना एकाने हाक मारली, बाई, हे बघा काय आहे. जमिनीत मडकं होतं आणि मडक्याभोवती मुळांची जाळी. इतकी दाट की मडकं दिसतच नव्हतं. बोटाएवढी मुळं, सुतळीएवढी, केसाएवढी, सगळी त्या मातीच्या भांड्याला कवटाळून. मडक्याला चिरा गेल्या होत्या, तरी त्या जटांनी तुकडे जागेवर धरून ठेवले होते. झाडाच्या दुसऱ्या बाजूला मुळं जवळजवळ नव्हतीच.

अठरा वर्षं त्या झाडाला पाणी एकाच ठिकाणी मिळालं, म्हणून ते तिथेच गेलं. यात झाडाचं काही चुकलं नाही.

सीताफळांनाही मी सुरुवातीला मडकीच दिली होती. पण दोन उन्हाळे झाले की मडकं उपसून पुढच्या रोपाकडे न्यायचं, असा नेम होता, कारण तेव्हा मडकी विकत घ्यायला पैसे कमी पडत. लेकराचं अंगावरचं दूध तोडावं तसं. तिसऱ्या उन्हाळ्यात ती कोमेजायची, माझा जीव वरखाली व्हायचा, आणि मग पावसाळ्यात नवी पालवी यायची. लिंबाचं मात्र मला धाडस झालं नाही. पाणी कमी पडलं की त्याची फळं गळायची, ते बघवत नव्हतं. तर जी झाडं मी गरजेपोटी तोडली ती जगली, आणि जी मायेने धरून ठेवली ती माझ्याबरोबर बसली. दुष्काळाला न हटणारी बाग म्हणून मी जे मिरवलं, त्यातला किती भाग झाडांचा होता आणि किती माझ्या पाठीचा, हे मला तेव्हा वेगळं काढता आलं नव्हतं.

नगर शहरात फराहबागेचा महाल आहे, निजामशाहीतला, सोळाव्या शतकातला. शाळेची सहल मी तिथेही नेली होती. चहूबाजूंनी तलाव होता, त्यात दूरवरून खापराच्या नळांनी पाणी आणलेलं, भोवती बाग. आज भिंती उभ्या आहेत, तलाव कोरडा आणि ती बाग नाही. पाणी आणणारे हात थांबले आणि बाग संपली. मुलांना तेव्हा मी ऐटीत सांगितलं होतं की आपली शाळेची बाग अशी नाही.

आता कोणी विचारायला आलं, आणि अजून येतात, तर मी आधी वय विचारते. चाळिशीतल्या माणसाला सांगते, मडकं जरूर लावा, पण दोन, फार तर तीन उन्हाळे. त्यानंतर मडकं बुंध्यापासून दर वर्षी हातभर लांब न्या, म्हणजे मुळं त्याच्या मागे पसरतील, आणि शेवटी काढून घ्या. पाणी थोडं रोज नको, भरपूर आणि लांब अंतराने. ज्यांना कायम हात लागतो अशी झाडं, लिंबू, मोगरा, पेरू, ही मोरीच्या चरावर लावा. घर चालू आहे तोवर मोरी वाहते. माझा कढीपत्ता आणि अडुळसा आजही त्या चरावर उभे आहेत. पेरू का गेला, तर आम्ही चाकणला असताना मोरी तीन महिने कोरडी होती. साठीतल्या माणसाला सांगते, नवं आळं करू नका. दोन कुंड्या कमरेएवढ्या उंच कट्ट्यावर ठेवा, वाकायला लागू नये, आणि बाकी माळावरची झाडं पावसाच्या भरवशावर लावा. झाडाभोवती उताराच्या अंगाला अर्धचंद्राकार बांध घाला, तो एकदाच घालावा लागतो.

आणि गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटायला माणूस लावा. त्याचा खर्च औषधाच्या खर्चाइतकाच धरा. माझ्या अंगणात त्याने बाकी सगळ्या तणांना हटवलं, आणि त्याच्या परागाने मला खोकलाही लावला.

जगलंय काय, ते सांगते. सहाही सीताफळं. शेवगे दोन, तिसरा वाऱ्याने मोडला. गावठी बोरी दोन्ही, पैकी एक मी लावलेलीच नव्हती, कुंपणात आपोआप उगवली म्हणून राहू दिली होती. तीच आता सगळ्यात उंच आहे. उमराण बोरीच्या कलमाचा भाग वाळला आणि खालून गावठी फुटली. कवठ, आवळा, कडुनिंब, कण्हेर. मेंदी माजलीय. तरवड कुंपण सोडून मोगऱ्याच्या जागी आला आहे आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत फुललेला असतो. मोगऱ्याचा वास नाही, पण सकाळी खुर्चीतून समोर पिवळं दिसतं.

मागच्या पावसाळ्यात तरवडाच्या दाटीत एक अनोळखी रोप दिसलं. पानं समोरासमोर, कोवळी, किंचित राखट. माझी जुनी विद्यार्थिनी, आता इथेच शाळेत शिकवते, तिने फोटो काढून मोठा करून दाखवला. चंदन! बुलबुल काळी फळं खातात आणि फांदीवर बसून बी टाकतात. चंदनाचं रोप एकटं नीट वाढत नाही. ते आपली मुळं शेजाऱ्याच्या मुळांना लावतं आणि काही अन्नपाणी तिकडून घेतं. शेजार त्याला तरवडाचा मिळाला. मडकं नाही, आळं नाही, कोणी खड्डा खणला नाही. एक उन्हाळा काढलाय त्याने. तिथे पाणी घालायचं नाही, असं मी ह्यांना बजावलं आहे, आणि ह्यांनी ते मानलं आहे.

तीच मुलगी या रोहिणीत कोयता घेऊन आली. बाई, शेवग्याचे फाटे द्या, शाळेत लावायचेत. चार-चार फुटांचे, मनगटाएवढे जाड फाटे कुठून तोडायचे ते मी खुर्चीतून बोटाने दाखवलं. बोट सरळ होत नाही, पण तिला कळलं. सहा फाटे निघाले. ते दोन दिवस सावलीत सुकू दे, लगेच पुरलेस तर सडतील, असं सांगितलं. जाताना तिने विचारलं, मडकी आहेत का अजून? मागच्या पडवीत नऊ आहेत, पालथी घातलेली. पाच घेऊन जा म्हटलं, आणि वहीचं एक पान फाडून तिच्या हातात दिलं. त्यावर प्रत्येक मडक्यापुढे ते कोणत्या वर्षी काढायचं, ते लिहिलं होतं.